झेंड्यामागे चालणाऱ्यांनो, जरा थांबा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा टाका आणि मग वाचायला बसा. काही जणांना राग येईल. येऊ द्या, पण पूर्ण वाचून मग या.

सिमरोलला राहायला आल्यापासून श्रावणात गच्चीवर उभं राहून खंडवा रोड बघायची मला सवयच लागली आहे. ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडवाले पायी चाललेले असतात. पोरं असतात, साठीच्या बायका असतात, पायाला फडकी बांधलेली म्हातारी माणसं असतात. कुठे बसायचं, कुठे खायचं, घाट कधी चढायचा, हे सगळं ते आपसात ठरवतात. टूर मॅनेजर कुठेच दिसत नाही.

त्यांना बघून माझी आजी आठवते. आम्ही रामबागेतले. आजी चौथी शिकलेली. वर्षातून दोनदा ओंकारेश्वरला जायची, आणि बहुतेक वेळा मी तिच्याबरोबर. मीटरगेजच्या गाडीनं महू, पाताळपाणी, कालाकुंड, बडवाह करत ओंकारेश्वर रोडला उतरायचं, म्हणजे आपलं मोरटक्का. ह्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, हे तिला पाठ होतं. गाडीत बसली की "ही आपल्या महाराजांच्या पैशाची गाडी" असं शेजारणीला ऐकवायची. पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. घाटावर नाववाल्याशी निमाडी-मराठी-हिंदीच्या खिचडीत भाव करायची आणि जिंकायची. तिला कुणी कधी "तुम्ही एकट्या कशा जाणार?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलं असतं तर तिनं त्यालाच बरोबर नेलं असतं.

आता तिच्या नातीची, म्हणजे माझी गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते.

२०१७ साली आम्ही दोघं एका नावाजलेल्या ग्रुप टूरबरोबर युरोपला गेलो. चाळीस माणसं, एक बस, पुढे झेंडा. रोमला कोलोसियमसमोर बस थांबली. "फोटो स्टॉप, वीस मिनिटं!" आम्ही वीस मिनिटांत एकमेकांचे फोटो काढले, आत गेलोच नाही. दुपारी डब्यातली भाजी-पोळी बसमध्येच खाल्ली. बारा दिवसांत मी युरोची एक नोट मोडली नाही, एक तिकीट काढलं नाही, एका इटालियन माणसाशी बोलले नाही. परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "फार छान मॅनेज केलं होतं हं!" खरंच छान मॅनेज केलं होतं. मलाच मॅनेज केलं होतं.

आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भाव करणारी माणसं. सराफ्यात कुठली गाडी चांगली आणि कुठली नुसती नावाची, हे झोपेतही सांगू. आणि तीच आपण परदेशी जायचं म्हटलं की तीन-तीन लाखांचा चेक फाडून देतो, वर विचारतो, "जेवण आपलं असेल ना?" हे काही नवख्या माणसांचं नाही सांगत आहे. पेन्शन सुरू, घर झालेलं, एफडी आहेत, मुलं पुण्या-बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, अशा तुमच्या-माझ्यासारख्या घरांचं सांगते आहे.

२०२४ साली पुन्हा जायचं ठरलं. ह्यांच्या मनात भूमध्य समुद्रातली क्रूझ होती. यावेळी बरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई. वय अडुसष्ट, भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत नणंदा, दीर, विहिणी सगळे कुठे कुठे फिरून आले, पण जाऊबाई प्रत्येक वेळी घरीच. कारण काय? "ट्विन शेअरिंग." पॅकेजचा भाव दोघांच्या खोलीवर असतो. एकटं माणूस आलं की त्याच्याकडून जवळजवळ दोघांचे पैसे. आम्ही विचारायला गेलो तेव्हा एजंटनं माणशी तीन लाखांच्या वर सांगितले आणि जाऊबाईंचे साडेचार. वर म्हणाला, "मॅडम, त्यांच्यासाठी एखादी जोडीदारीण बघा ना."

नवरा गेला, आता सहलीला जोडीदारीण शोधा! आपल्या घरोघरी अशा बायका आहेत. त्यांना कुणी "येऊ नका" असं तोंडानं म्हणत नाही. हिशोबच असा मांडलेला असतो की त्या स्वतःच "नको बाई, तुम्ही जाऊन या" म्हणतात. आपण त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक करतो आणि बॅगा भरायला लागतो.

म्हणून आम्ही स्वतःच जायचं ठरवलं. जहाजाचं बुकिंग घरून केलं. तिघांची एक आतली केबिन, खिडकी नाही. तिसऱ्या माणसाचं भाडं दोघांपेक्षा कमी पडतं. विमानाची तिकिटं वेगळी. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचा मेडिकल विमा लागतो, तो काढला.

मग फॅमिली ग्रुपवर पुतण्याचा मेसेज आला. भला लांब. "काकू, आईला ह्या वयात कशाला ओढतेस? बरोबर कोणी माहितगार नाही. भाषा येत नाही. जहाज सुटलं तर? तिला काही झालं तर जबाबदारी कोणाची?" खाली अकरा जणांचे अंगठे. जाऊबाईंनी तो मेसेज माझ्यासमोर वाचला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही गं."

तो मेसेज आणि ते अकरा अंगठे डोळ्यांपुढे ठेवूनच मी हे लिहिते आहे. एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, माहितगार.

आमचा मार्ग असा होता: जेनोवाला चढायचं, मग मार्से, बार्सिलोना, एक दिवस समुद्रात, मग पालेर्मो, नेपल्स, रोमसाठी सिव्हिताव्हेक्किया आणि परत जेनोवा. जेनोवाच्या पियात्सा प्रिन्सिपे स्टेशनवरून बंदर चालत दहा मिनिटांवर आहे. चाकाच्या बॅगा ओढत आम्ही तिघं चालत जहाजावर गेलो. गंगवाल बसस्टँडहून राजवाड्याला जाणं याहून अवघड आहे.

जहाजावर पहिल्याच संध्याकाळी सहलींचं पत्रक मिळालं. सिव्हिताव्हेक्कियाहून रोमला नुसतं बसनं सोडायचे आणि परत आणायचे माणशी सत्तर युरोच्या आसपास. गाईड नाही, तिकीट नाही, फक्त बस. आता हे अंतर किती? इंदूरहून ओंकारेश्वर आहे ना, साधारण तेवढंच! तिथे साधी लोकल ट्रेन आहे. १२ युरोचा एका दिवसाचा पास मिळतो, त्याचं नाव बिर्ग. त्यात येण्या-जाण्याची लोकल आणि रोममधली मेट्रो-बससुद्धा. तिघांचे ३६ युरो. जहाजाच्या बसचे झाले असते २१०. ह्या एका बंदरावर १७४ युरो, म्हणजे पंधरा हजारांच्या वर वाचले. अन् हे करायला माहितगार कोण लागला? बंदरातली मोफत बस लार्गो देल्ला पाचेला सोडते. तिथून स्टेशनला दुसरी बस आहे, नाहीतर समुद्राच्या कडेनं पायी. खिडकीवर जाऊन "बिर्ग, तीन" म्हटलं, बोटं दाखवली, झालं. एक लक्षात ठेवा, गाडीत बसायच्या आधी मशीनमध्ये तिकिटावर शिक्का मारावा लागतो. विसरलं की दंड. आमचे हे विसरून गाडीत चढत होते, जाऊबाईंनी मागून ओढलं.

रोमला टर्मिनीपर्यंत जायचीही गरज नाही. आधीच्या सान पिएत्रो स्टेशनवर उतरलं की सेंट पीटर्स चर्च पायी पंधरा मिनिटांवर. आत जायला पैसे नाहीत, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आम्ही दोघी साड्यांमध्ये, आम्हांला कोण अडवणार? रांगेत मात्र उभं राहावं लागलं. पाणी विकत घेतलं नाही. रोमभर रस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नाकासारख्या तोटीचे. त्यांना नासोनी म्हणतात. चोवीस तास वाहतं, पिण्याचं, थंडगार पाणी. २०१७ मध्ये बसमधून हे नळ दिसले असणार, पण कुणी थांबू दिलं तर ना!

दुसरा मुद्दा, जेवण.

हा आपला हळवा कोपरा. "आपलं जेवण" मिळावं म्हणून आपण परक्या देशात कोंडून घेतो. पालेर्मोला जहाज शहरातच लागतं. चालत बाल्लारो नावाच्या बाजारात गेलो. तिथे एका गाड्यावर पातळ, चौकोनी, पिवळं काहीतरी तळत होते. जाऊबाई वास घेऊन म्हणाल्या, "अगं, हे बेसन आहे." आणि होतंच. पानेल्ले. हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या, तळून पावात घालतात, वर लिंबू. शेजारी बटाट्याचे तळलेले लांबट वडे. जिरावण तेवढं नव्हतं, ते आमच्या पर्समध्ये होतं. तिघांचं पोट दहा युरोच्या आत भरलं. गाड्यावाल्यालाही जिरावण चाखवलं, त्यानं डोळे मोठे केले आणि अजून मागितलं. शाकाहारी मंडळींनी एवढंच जपावं, की त्याच बाजारात पावात प्लीहा घालूनही विकतात, बोट दाखवण्याआधी नीट बघा. आणि नेपल्सचा मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, तेल, चीजसुद्धा नाही. माझ्या आजीच्या चटणी-दशमीच्या जवळचा नातेवाईक.

डब्यातल्या भाजी-पोळीची टिंगल करत नाही. मधुमेह असेल, पथ्य असेल तर डबा हवाच. पण "आपलं" काय, हे ठरवायला आधी दुसऱ्याचं चाखावं तर लागेल. सिसिलीत बेसन निघतं, हे डब्याचं झाकण उघडून कळत नाही.

तिसरा मुद्दा, बघायचं काय ते कोण सांगणार.

आता जे सांगते त्यासाठीच ही सगळी पोस्ट आहे.

नेपल्सला जहाजाच्या यादीत पॉम्पेई होतं, काप्री बेट होतं, सोरेंतो होतं. पॉम्पेई तुम्ही स्वतःही करू शकता. गारिबाल्दी स्टेशनवरून लोकल जाते, पाऊण तासाच्या आत पोचवते आणि स्टेशनसमोरच प्रवेशद्वार आहे. खिसा-पाकीट सांभाळा, बाकी काही नाही. पण आम्ही पॉम्पेईला गेलो नाही. आम्ही नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. बंदरासमोर मुनिचिपियो मेट्रो स्टेशन आहे, तिथून तिसरं स्टेशन म्हणजे म्युझेओ. वर आलं की समोर संग्रहालय. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा.

तिथे एक खास दालन आहे, त्याला "गुप्त दालन" म्हणतात. का गुप्त, ते आत गेल्यावर कळलं! पॉम्पेईच्या भिंतींवरची आणि घरांतली शृंगारिक चित्रं आणि मूर्ती तिथे ठेवल्या आहेत. आम्ही दोघी पदर सावरत आत, आणि हे आमच्याकडे बघावं की भिंतीकडे अशा पेचात. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "खजुराहो केलंय मी. चला पुढे."

आणि पुढे ती होती. हस्तिदंताची, वीतभरच उंच. अंगभर दागिने, केसांची भारी रचना, दोन्ही बाजूंना लहान दासी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घराच्या उत्खननात ही मूर्ती सापडली, तेव्हापासून तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. आता पुष्कळ अभ्यासक म्हणतात ती लक्ष्मी नाही, यक्षी असावी. व्हेसुव्हियस इ.स. ७९ मध्ये फुटला, म्हणजे ती त्याच्या आधीच भारतातून तिथे पोचलेली. कुठून गेली? जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथल्या उत्खननांत तिच्याशी मिळत्याजुळत्या घडणीची हस्तिदंती कामं सापडली. त्यावरून काही अभ्यासक मानतात की ती आपल्या दख्खनमध्ये, कदाचित भोकरदनलाच घडली असावी. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासग्रंथात, पेरिप्लस म्हणतात त्याला, पैठण आहे, तेर आहे आणि आपलं उज्जैनसुद्धा आहे. ह्या सगळ्या ठिकाणांचा माल भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून समुद्रानं पुढे.

जाऊबाईंचं माहेर जालन्याचं. लहानपणी त्या भोकरदनला मावशीकडे राहायला जायच्या. काचेसमोर त्या किती वेळ उभ्या होत्या ते मी मोजलं नाही. वीस मिनिटांचा फोटो स्टॉप नव्हता तो. एका शाळेचा वर्ग आला, गेला. सिक्युरिटीचा माणूस दोनदा फेरी मारून गेला. मग त्या म्हणाल्या, "दोन हजार वर्षांपूर्वी माझ्या माहेरची बाई इथे एकटी आली. अन् माझा मुलगा म्हणतो मी जाऊ नको."

मी हे त्यांचं वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकलं नव्हतं. आज इथे त्यांना विचारून टाकते आहे.

ही मूर्ती आमच्या जहाजाच्या कुठल्याही सहलीत नव्हती. असणार कशी? चाळीस माणसांच्या सोयीची सहल ठरते ती सगळ्यांना सारखी चालेल अशी. त्यात जालन्याच्या एका बाईचं माहेर बसत नाही. ते तिनंच शोधावं लागतं.

चौथा मुद्दा, जहाज सुटलं तर?

पुतण्याचा हा मुद्दा खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः गेलात तर थांबत नाही. पुढचं बंदर तुमच्या खर्चानं गाठायचं. म्हणून आमचे नियम ठरलेले होते. जहाजावर परतायची वेळ कागदावर लिहून तिघांच्या पर्समध्ये. जी गाडी पुरेशी वाटते तिच्या दोन गाड्या आधीची पकडायची. रोजच्या पत्रकात त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा फोन छापलेला असतो, तो लिहून घ्यायचा. पासपोर्टची झेरॉक्स अंगावर. आणि इटलीत रेल्वेचा संप होतो, त्याला शोपेरो म्हणतात. आदल्या रात्री तो शब्द टाकून बातमी बघायची. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ लोकल चालवाव्या लागतात, पण त्या भरवशावर लांब जाऊ नये. त्या दिवशी बंदराच्या गावातच फिरावं.

आम्हांलाही घाम फुटला होता, लपवत नाही. रोमला ह्यांना ट्रेव्ही कारंज्यात नाणं टाकायचंच होतं. गर्दी इतकी, की नाणं पाण्यात पडलं की कुणाच्या टोपीत, देव जाणे. ठरलेली गाडी गेली. पण ती दोन आधीची होती, म्हणून अजून एक हाताशी राहिली. जहाजाच्या जिन्यावर पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं शिल्लक होती. चूक सर्वस्वी आमच्या ह्यांची. त्या रात्री जेवताना ते अगदी गप्प होते. पण आम्हांला वाचवलं ते कुणाच्या झेंड्यानं नाही, आमच्याच नियमानं.

आणि हेही मान्य करते: चालताच येत नसेल, व्हीलचेअर असेल, बंदर शहरापासून फार लांब असेल, तर जहाजाची बस घ्या, त्यात कमीपणा नाही. माझं भांडण बसशी नाही. माझं भांडण "तुला जमणार नाही" ह्या वाक्याशी आहे.

पाचवा मुद्दा कुणी काढला नाही, म्हणून मी काढते. आपण तिथे जाऊन काय करतो?

२०२४ च्या जुलैमध्ये बार्सिलोनाच्या लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, बातमी वाचली असेल. व्हेनिसमध्ये मोठ्या जहाजांना २०२१ पासून शहराला लागून जाता येत नाही. एका वेळी तीन-चार हजार माणसं उतरतात, ठरलेल्या जागी फोटो काढतात आणि जहाजावर परत येऊन फुकटचं जेवतात. गावाला काय मिळालं? गर्दी. आम्हीही त्याच जहाजातून उतरलो होतो, दोषातून सुटत नाही. पण सिटी बसचं तिकीट, बाजारातली पानेल्ले, संग्रहालयाचं तिकीट, हे पैसे निदान गावात राहिले. मार्सेला नोत्र दाम द ला गार्दच्या टेकडीवर जायला जुन्या बंदरावरून साठ नंबरची सिटी बस मिळते, आणि वर चर्चमध्ये जायला पैसे नाहीत. त्या बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या. एकीनं जाऊबाईंना उठून जागा दिली. कोणत्या भाषेत आभार मानले? नमस्कार केला. तिला कळला.

आता हिशोब, कारण हिशोबाशिवाय आपलं कुणी ऐकत नाही. तिघांचं सात रात्रींचं जहाज, बंदराचे कर आणि सर्व्हिस चार्ज धरून, दीड लाखाच्या आसपास. विमानं एक लाख पासष्ट हजार. व्हिसा आणि मुंबईची फेरी पंचेचाळीस हजार. विमा नऊ हजार. जेनोवाच्या दोन रात्री आणि मिलानहून रेल्वे तीस हजार. सगळ्या बंदरांवरचं फिरणं, खाणं, तिकिटं मिळून छत्तीस हजार. बेरीज चार लाख पस्तीस हजार, म्हणजे माणशी एक लाख पंचेचाळीस. एजंटनं एकट्या जाऊबाईंचे साडेचार सांगितले होते. एका विधवा बाईच्या पैशात तीन माणसं फिरून आली. हे वाक्य परत वाचा.

जहाजावर पैसे कुठे गळतात तेही सांगते: वायफाय, बाटलीबंद पाणी, फोटो आणि सहली. आम्ही चारही घेतले नाहीत. सकाळचा नाश्ता पोटभर, बंदरावर एक वेळचं, रात्रीचं परत जहाजावर. बार्सिलोनाला सग्रादा फमिलियाचं तिकीट मात्र घरूनच वेळेसकट काढा, तिथे जाऊन मिळण्याच्या भरवशावर राहू नका.

परत आल्यावर पुतण्याचा फोन आला. त्यानं विचारलं, "आई, त्रास नाही ना झाला?" जाऊबाई म्हणाल्या, "झाला. गुडघे दुखले. रोमच्या दगडी रस्त्यांवर फार चालले." तो लगेच म्हणाला, "मी सांगत होतो ना!" त्या म्हणाल्या, "गुडघे इथे खुर्चीत बसूनही दुखतात रे." माफी त्यानं मागितली नाही, आणि त्यांनीही अपेक्षा केली नाही. तो वाईट मुलगा नाही. काळजीच करतो. पण काळजीच्या नावाखाली आपण आपल्या माणसांचे किती रस्ते बंद करतो, ह्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

गेल्या महिन्यात जाऊबाई भोकरदनला जाऊन आल्या. रेल्वे आणि पुढे एसटी, एकट्या. मावशीचं घर पडलेलं आहे म्हणाल्या. मुलाला कळवलं होतं, विचारलं नव्हतं.

तेव्हा ह्या समूहातल्या सगळ्या काका-मावशांना माझं एवढंच मागणं आहे. पुढची सहल ठरवाल तेव्हा, ज्यांना "ट्विन शेअरिंग"चा जोडीदार नाही अशी घरातली बाई आधी आठवा: आत्या, मावशी, जाऊ, बहीण. तिला "येणार का?" विचारू नका, ती नाहीच म्हणेल. "पासपोर्ट कुठे आहे?" असं विचारा. केबिनमधली तिसरी खाट तिची.

आणि कुणी झेंडा घेऊन पुढे चालायला लागलंच, तर आजीसारखं एकदा विचारून बघा, "किती घेणार भाऊ?" आकडा ऐकलात की पुढचा रस्ता तुमचा तुम्हांलाच सापडेल. नाही सापडला तर सिमरोलला या. गाड्यांची वेळापत्रकं, बिर्गचं जुनं तिकीट, सगळं डब्यात ठेवलं आहे. चहा आणि पोहे माझ्याकडून.